सीपवाली पेटी

शिरूरच्या आमच्या घरात दादीची एक काळी पेटी होती. झाकणावर शिंपल्याची फुले, वेली आणि दोन पक्षी. दादी तिला 'सीपवाली पेटी' म्हणे, शेजारीपाजारी 'चिनी पेटी' म्हणत. फुले गळू लागली तेव्हा आम्ही ती भंगारात दिली. ती खरेच चिनी होती का, हा प्रश्न आम्हाला पडला तो बिदर पाहिल्यावर.

शिरूरला रेल्वे नाही. दौंडला येऊन गाडी धरली आणि बिदर गाठले. किल्ल्यातला रंगीन महाल अली बरीदशहाच्या (१५४२-१५८०) काळातला. काळ्याभोर दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून काढलेली वेलबुट्टी, दारावर शिंपल्यातच फारसी ओळी. बिदरी भांड्यांतही हीच आवड दिसते, काळ्या धातूत चांदी. पाहताक्षणी दादीची पेटी आठवली.

चीनमध्ये शिंपल्याची ही कला फार जुनी. तांग राजवटीत (६१८-९०७) आरशांच्या पाठीवर जाड शिंपले बसवत. युआन काळात (१२७१-१३६८) कागदासारखे पातळ तुकडे वापरले जात. तिथले रोगण म्हणजे एका झाडाचा चीक. तो दमट हवेत घट्ट होतो. लाकडावर एकावर एक पातळ थर द्यायचे, शिंपला चिकटवायचा, पुन्हा थर द्यायचे आणि शिंपला उघडा पडेपर्यंत घासायचे. एका पेटीला महिनोन्‌महिने लागत.

आपल्याकडची लाख किड्यांपासून मिळते. गुजरातचे कारागीर काळ्या लाखेत शिंपला बसवून पेट्या करत. सोळाव्या शतकात त्या पार युरोपपर्यंत गेल्या. फतेहपूर सिक्रीला हजरत सलीम चिश्तींच्या मजारीवरची लाकडी छत्रीही शिंपल्याने मढवलेली आहे. लाख उष्णतेने मऊ होते, स्पिरिटात विरघळते. चिनी रोगण एकदा घट्ट झाले की वितळत नाही आणि विरघळतही नाही. इतकी साधी खूण! ती आम्हाला कळली तेव्हा पेटी उरली नव्हती.

इतिहास म्हटला की आम्हाला तख्त आणि तलवारी आठवतात. अली बरीदशहाचे नाव पुस्तकांत आहे; शिंपले घासता घासता ज्यांची बोटे झिजली, त्यांचे नाव कुठेच नाही. त्यांची आठवण म्हणून उरते ती त्यांच्या हातची वस्तू, आणि तीच आम्ही चार पैशांना घालवली.

आता शिरूर-दौंडकडच्या नातलगांकडे गेलो की आम्ही माळ्यावरच्या जुन्या पेट्यांची चौकशी करतो. भंगारवाल्याला देण्याआधी एकदा आम्हाला दाखवा, एवढे सांगून येतो.