वामेची वाट

गोड्या पाण्यातील वाम नदीत वाढते, पण तिचा जन्म समुद्रातला. अंडी घालावयासही ती समुद्रच गाठते. नदीचे मुख बुजले की तिची वाट खुंटते. मद्रासच्या बंदराचे काम १८७६ साली सुरू झाले. बांधणाऱ्यांच्या हिशेबात वाम नव्हती. असावी तरी कशी? बंदराच्या दक्षिणेस वाळू साचत गेली, मरीनाचा किनारा रुंदावला आणि कूवम नदीचे मुख वाळूने अडू लागले. १८७७-७८ च्या दुष्काळात भुकेल्यांना काम मिळावे म्हणून कूवम व अड्यार या नद्यांना जोडणारा कालवा मैलापूरजवळून खणला गेला. पुढे त्यातून शहराचे सांडपाणी वाहू लागले. विसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेचे खांबही त्याच पात्रात रोवले गेले. प्राणवायू हरपलेल्या पाण्यात वामेचे पिल्लू वाढणार कसे? नोच्चिकुप्पमच्या कोळ्यांना नव्या नौका, नवी जाळी अवश्य द्यावीत. पण आधी सांडपाणी शुद्ध व्हावे, मुखावरची वाळू उपसली जावी.