वगळलेल्या फाइलचं पुढे काय होतं?

बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळे नियम असतात. कशाची प्रत घ्यायची नाही, हे सांगणारा वगळण्याचा नियम आणि घेतलेली प्रत किती दिवस ठेवायची, हे सांगणारा जतनाचा नियम. संशोधनाला लागलात की डिस्क भरते आणि कधी ना कधी तुम्ही कच्च्या डेटाचं एखादं जुनं फोल्डर बॅकअपमधून वगळता. हिशोब साधा असतो : नवीन प्रत नको, जुनी तर आहेच. पण ती खरंच राहते का? प्रत्येक पिढीच्या सॉफ्टवेअरने याचं वेगळं उत्तर दिलंय.

१९९३ साली आयबीएमने एडीएसएम आणलं; पुढे त्याचंच नाव टिवोली स्टोरेज मॅनेजर झालं. यात सर्व्हर प्रत्येक फाइलची नोंद ठेवतो. तुम्ही फाइल वगळलीत, की पुढच्या बॅकअपला ती तुमच्या मशीनवरून पुसली गेली असंच तो धरून चालतो. मग पुसलेल्या फाइलींचा जतनाचा नियम लागतो. सेटिंग मूळचंच असेल तर एकच प्रत उरते, तीही ६० दिवस. म्हणजे फाइल तुमच्याकडे ठणठणीत असते आणि तिकडे तिचे दिवस मोजले जात असतात.

१९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांचं आरसिंक आलं. (त्यामागचा अल्गोरिदम ट्रिजेल यांच्या १९९९च्या पीएचडी प्रबंधात आहे, जरूर बघा.) इथे उलट आहे. मूळ जागी नसलेल्या फाइली काढून टाकणारा 'डिलीट' पर्याय दिला, तरी वगळलेल्या फाइलीला आरसिंक हात लावत नाही. जुनी प्रत तशीच पडून राहते. पण 'डिलीट-एक्सक्लुडेड' दिलंत, तर त्याच फेरीत ती जाते.

२०१५ साली अ‍ॅटिकमधून फुटून बोर्ग तयार झालं. यात प्रत्येक बॅकअप हा स्वतंत्र संच असतो. वगळण्याचा नियम फक्त नव्या संचांना लागतो, जुन्यांत फाइल सुरक्षित असते. मात्र छाटणीचा नियम वयाप्रमाणे अख्खे संच काढतो. रोजचे ७, आठवड्याचे ४, महिन्याचे ६ संच ठेवा असं सांगितलं असेल, तर काही महिन्यांत ती फाइल असलेला शेवटचा संचही निघून जातो. त्या फाइलबद्दल वेगळी सूचना येत नाही, कारण नियमाप्रमाणेच सगळं चाललेलं असतं.

फरक कशामुळे? एडीएसएमसाठी बॅकअप म्हणजे नोंदवही, आरसिंकसाठी आरसा, बोर्गसाठी फोटोंचा अल्बम. 'वगळा' हा शब्द एकच, पण जुन्या प्रतीचं काय होणार हे ठरतं जतनाच्या नियमावर. त्यामुळे दोन्ही नियम शेजारी ठेवूनच वाचा. दोन-तीन वर्षांनी परीक्षकांनी कच्चा डेटा मागितला, तर 'बॅकअप सुरू होता' हे उत्तर चालणार नाही. फोल्डर वगळण्याआधी त्याची एक प्रत या सगळ्या नियमांबाहेर, वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि तिथून एक-दोन फाइली उघडून बघा.