कोपर आणि मनगट यांमधील हाडे मोडल्यास शस्त्रक्रिया का लागते?

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात : अंगठ्याच्या बाजूला रेडियस आणि करंगळीच्या बाजूला अल्ना. रेडियस अल्नाभोवती फिरते, म्हणूनच तुम्ही तळहात वर-खाली वळवू शकता. वाणगाव-डहाणूकडे चिकूच्या झाडावरून पडून, तारापूर एमआयडीसीत यंत्रात हात सापडून किंवा दुचाकी घसरून ही हाडे मोडू शकतात.

प्लास्टर का पुरत नाही?
मोठ्या माणसाची दोन्ही हाडे मोडून सरकली असतील, तर स्नायूंच्या ओढीमुळे ती प्लास्टरमध्येही जागेवर राहत नाहीत. हाडे वाकडी जुळली, तर घास घेणे किंवा पाना फिरवणे कायमचे अवघड होते. लहान मुलांमध्ये मात्र बहुधा हाड बसवून प्लास्टर घातले, तरी पुरते.

शस्त्रक्रियेत काय करतात?
फक्त हात बधिर करून किंवा पूर्ण भूल देऊन दोन छेद घेतात. प्रत्येक हाड सरळ करून धातूची पट्टी स्क्रूने बसवतात. हाडाजवळ जखम असेल, तर ती स्वच्छ कापडाने झाका, हळद किंवा माती लावू नका. अशा वेळी अँटिबायोटिक लवकर सुरू होणे महत्त्वाचे असते. १०८ वर फोन करा.

घट्ट पट्टीचा धोका
हाडवैद्याकडून चोळून घेऊ नका, बांबूच्या कामट्यांची घट्ट पट्टी बांधून घेऊ नका. आत सूज वाढून रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. पुढील लक्षणे दिसल्यास रात्र असली तरी रुग्णालय गाठा :

- गोळी घेऊनही वाढत जाणारी वेदना
- बोटे सरळ करताना असह्य कळ
- बोटांना मुंग्या, बधिरपणा, फिकेपणा

प्लास्टर किंवा शस्त्रक्रियेनंतरही हीच लक्षणे धोक्याची समजा.

शस्त्रक्रियेनंतर
बोटे पहिल्या दिवसापासून हलवा. कोपर व मनगटाचे व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करा. हाड जुळायला साधारण ३ ते ४ महिने लागतात. एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसेपर्यंत झाडावर चढणे आणि ओझे उचलणे टाळा. विडी-सिगारेटमुळे हाड उशिरा जुळते. त्रास नसेल तर पट्टी काढण्याची गरज नसते.

खर्चाबाबत
दाखल होतानाच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. कारखान्यातील विमाधारक कामगारांनी ईएसआय कार्ड दाखवावे.