मोठा चषक नेमका कशाचा? रोबॉट स्पर्धांतल्या बक्षिसांची गोष्ट

रोबॉट स्पर्धा बघायला पहिल्यांदाच आलेले आजी-आजोबा एका गोष्टीने हमखास गोंधळतात. अंतिम सामना जिंकणाऱ्यांना चषक मिळतो, हे ठीक. पण मग सगळ्यात मोठा मान भलत्याच संघाला का? त्यांचा रोबॉट तर सामन्यात मधेच बंद पडला होता!

प्रश्न अगदी रास्त आहे. एपिसोडमध्ये आम्ही म्हणालो होतो की संस्थेला काय महत्त्वाचं वाटतं हे तिच्या भाषणांपेक्षा तिच्या बक्षिसांवरून जास्त कळतं. वेळेअभावी तो धागा तिथेच सुटला, म्हणून इथे जरा सविस्तर.

सुरुवात १९९२ पासून करू. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात मँचेस्टर नावाचं गाव आहे. तिथल्या मेमोरियल हायस्कूलच्या जिममध्ये २८ संघ जमले होते. मैदानावर मक्याच्या दाण्यांचा थर पसरलेला आणि त्यातून चाकं घसरवत रोबॉट टेनिसचे चेंडू गोळा करत होते. ही 'फर्स्ट' या संस्थेची पहिली स्पर्धा. संस्था १९८९ मध्ये डीन केमन या संशोधकाने सुरू केली होती. खेळाच्या कल्पनेमागे एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स होते. आपल्या डिझाइनच्या वर्गात ते सगळ्या विद्यार्थ्यांना सारखंच सामान द्यायचे आणि त्यातून यंत्र बनवून एकमेकांशी सामना खेळायला लावायचे.

केमन यांची तक्रार साधी होती: या देशात मुलं खेळाडूंना डोक्यावर घेतात, इंजिनिअरला कुणी ओळखतही नाही. म्हणून त्यांनी खेळातला जल्लोष उचलून विज्ञानाकडे आणला. पण यात एक अडचण होती. खेळाचा जल्लोष आणला की 'काहीही करून जिंका' ही वृत्तीही मागोमाग येते. मग शिकणं राहतं बाजूला, आणि ज्यांच्याकडे जास्त पैसे आणि जास्त अनुभवी इंजिनिअर, तेच दरवर्षी जिंकतात.

यावर तोडगा म्हणून पहिल्याच वर्षापासून एक वेगळा पुरस्कार ठेवला गेला, 'चेअरमन्स अवॉर्ड'. तो रोबॉटला नसून संघाला होता. शाळेत, गावात, लहान मुलांमध्ये तुम्ही काय बदल घडवलात, हे लिहून द्यायचं आणि मग विद्यार्थ्यांनीच परीक्षकांसमोर उभं राहून मांडायचं. पुढे प्रादेशिक फेरीत हा पुरस्कार मिळाला की, सामन्यांतला क्रमांक काहीही असो, संघ थेट जागतिक स्पर्धेला जाऊ लागला. आजी-आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

हे ऐकायला गोड वाटतं, पण प्रत्यक्षात त्याचा उपयोग काय झाला? त्यासाठी ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात जाऊ. कार्ल हेडन ही तिथली सरकारी शाळा. बहुतेक मुलं मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांतली, आणि अनेकांकडे अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नाहीत. २००४ मध्ये या शाळेतली चार मुलं पाण्याखालच्या रोबॉटच्या एका राष्ट्रीय स्पर्धेत, 'मेट'मध्ये, उतरली. त्यांचा रोबॉट प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपांचा होता. समोर एमआयटीचा संघ होता आणि ही मुलं पहिली आली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचं दुसरं बक्षीस जास्त बोलकं आहे: तांत्रिक लेखनाचं. ज्यांच्या घरी इंग्रजी बोललं जात नव्हतं, त्यांचा इंग्रजी अहवाल सर्वोत्तम ठरला. चार वर्षांनी, २००८ मध्ये, याच शाळेच्या संघाने 'फर्स्ट'चा चेअरमन्स अवॉर्डही जिंकला. फक्त सामन्यांचे गुण मोजले असते, तर त्यांच्या कामाचा हा भाग कुणाच्या नोंदीतच आला नसता.

पुरस्कारांची यादी पुढेही वाढत गेली. १९९६ मध्ये 'वुडी फ्लॉवर्स अवॉर्ड' आला. तो मेंटॉरसाठी असतो आणि शिफारस विद्यार्थी लिहितात. २०१० मध्ये 'डीन्स लिस्ट' आली. तिथे नेमकं उलट: मेंटॉर विद्यार्थ्यांबद्दल लिहितात. मधल्या चौदा वर्षांत काय बदललं ते बघा. आधी मुलांनी मोठ्यांचे आभार मानायचे होते, मग मोठ्यांनी एकेका मुलाचं नाव पुढे करायला सुरुवात केली. संघाच्या कौतुकात व्यक्तीचं कौतुक मिसळलं. त्याचा फायदा झालाच, पण कॉलेजच्या अर्जात लिहायला एक ओळ मिळाल्यामुळे चढाओढही वाढली.

२०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे सीझन अर्ध्यात थांबला. २०२१ मध्ये बरेचसे रोबॉट एका मैदानावर आलेच नाहीत. संघांनी घरून किंवा शाळेतून आव्हानं पूर्ण केली आणि परीक्षकांनी मुलाखती व्हिडिओवर घेतल्या. सामने नव्हते, तरी पुरस्कार होते. स्पर्धेतून सामना वजा केला तरी काहीतरी शिल्लक राहतं, हे त्या वर्षी दिसलं.

त्यानंतरचा मोठा बदल नावाचा. २०२३ च्या सीझनपासून 'चेअरमन्स अवॉर्ड'चं नाव 'फर्स्ट इम्पॅक्ट अवॉर्ड' झालं. जुन्या संघांना ते थोडं खटकलं, कारण भिंतीवरच्या बॅनरवर जुनंच नाव होतं. पण विचार करा: जुन्या नावातून बक्षीस कोण देतं एवढंच कळायचं, कशासाठी देतात ते कळत नव्हतं. शिवाय त्या 'कोण'मध्ये 'मॅन' होता. नवं नाव थेट कामाबद्दल बोलतं.

म्हणजे सगळं छान झालं का? तसं नाही. टीकाही जुनीच आहे. समाजासाठी केलेलं काम परीक्षकांसमोर मांडायचं म्हटलं की ते मोजावं लागतं: किती कार्यक्रम, किती मुलं, किती तास. मग काम आधी की त्याची नोंद आधी, असा प्रश्न पडतो. ज्या संघामागे वेळ असलेले आणि भाषेवर पकड असलेले पालक आहेत, त्यांची फाइल जाडजूड होते. दुसरीकडे 'व्हेक्स' या स्पर्धेने वेगळी वाट धरली आहे. तिथल्या सर्वोच्च 'एक्सलन्स अवॉर्ड'साठी इंजिनिअरिंगची वही आणि मुलाखत उत्तम असून भागत नाही, मैदानावरची कामगिरीही वरच्या गटातली लागते. दोन्ही बाजूंना तथ्य आहे, आणि वाद अजून मिटलेला नाही.

हा वाद फक्त अमेरिकेतला नाही. आशिया-पॅसिफिकमधल्या टीव्ही वाहिन्यांच्या संघटनेने २००२ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी 'एबीयू रोबोकॉन' सुरू केली. २००८ मध्ये ती पुण्यात भरली आणि त्या वर्षीचा खेळ चक्क दहीहंडीवर बेतलेला होता! गोविंदांच्या जागी रोबॉट होते. २०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा पुण्यात आली. तिथेही विजेत्याच्या 'ग्रां प्री'पलीकडे स्पर्धेची भावना जपणाऱ्या संघासाठी 'एबीयू रोबोकॉन अवॉर्ड' वेगळा असतो, शिवाय उत्तम कल्पनेचा वेगळा. म्हणजे सामना जिंकणं पुरेसं नाही, हे दोन्हीकडे आपापल्या परीने उमगलं होतं.

आई-बाबांना त्यांच्या शाळेतल्या 'उत्तेजनार्थ' बक्षिसाबद्दल विचारून बघा. ते तिसऱ्या क्रमांकाच्याही खाली असायचं, हरलेल्याच्या पाठीवर थाप म्हणून. इथे क्रम उलटा आहे: सामन्याच्या चषकापेक्षा वरचा मान असा, की जो रोबॉट हरला तरी मिळू शकतो.

तुमच्यापैकी बरेच जण येत्या सीझनमध्ये परीक्षकांसमोर उभे राहाल. फाइल भरताना स्वतःला एकच विचारा: यातलं कुठलं काम आपण बक्षीस नसतं तरी केलं असतं? ते आधी सांगा.