कमांड एलियस

टर्मिनलमध्ये पुन्हा पुन्हा टंकाव्या लागणाऱ्या लांब कमांडला दिलेले आखूड दुसरे नाव. मराठीत ‘उर्फ’ म्हटले की अर्थ पुरता कळतो. कोल्हापूरकरांना अशी सोय नवी नाही : रेल्वे स्थानकाचे पूर्ण नाव ‘छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, कोल्हापूर’, पण तिकीट काढताना ‘केओपी’ ही तीन अक्षरे पुरतात.

शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलमध्ये टंकलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ही सोय १९७० च्या दशकाच्या अखेरीस बिल जॉय यांनी बर्कलीत लिहिलेल्या सी-शेलने रुळवली. शेलमधला उर्फ मात्र ज्याच्या त्याच्या खात्यापुरता असतो. सर्व्हरवर सॉफ्टवेअर चढवण्याच्या कामात तो अपुरा पडतो, कारण ते काम एकट्याचे नसते. राजारामपुरीतल्या कचेरीतून मुंबईतल्या सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवणारा रजेवर गेला, की त्याच्या संगणकातले उर्फ बाकीच्यांच्या उपयोगाचे राहत नाहीत.

सर्व्हरवर सॉफ्टवेअर चढवणाऱ्या ‘कमाल’ या साधनाने यावर चांगली वाट काढली आहे. थर्टीसेव्हन सिग्नल्स या अमेरिकी कंपनीच्या या साधनाचे नाव अरबी दर्यावर्दी ध्रुवताऱ्याची उंची मोजायला वापरत त्या दोरी-फळीच्या उपकरणाचे आहे. २०२४ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून प्रकल्पाच्या ‘डिप्लॉय’ फाइलमध्येच ‘एलियसेस’ असा विभाग लिहिता येतो : आधी नाव, मग अपूर्णविराम, पुढे मूळ कमांड. ‘ॲप लॉग्ज -एफ’ हिला ‘लॉग्ज’ नाव दिले, की ‘कमाल लॉग्ज’ एवढे टंकल्यावर ॲपच्या चालू नोंदी पडद्यावर येऊ लागतात. ‘कन्सोल’ हा उर्फ ॲपच्या चालू कंटेनरमध्ये, म्हणजे ॲप ज्यात चालते त्या बंदिस्त कप्प्यात, रेल्स या वेब-चौकटीचा कन्सोल उघडून देतो. नावात छोट्या लिपीतली रोमन अक्षरे, अंक, जोडरेघ आणि अधोरेघ एवढेच चालते. फाइल गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात असली की सगळ्यांना तेच उर्फ मिळतात. कोणी, कधी, काय बदलले हेही राहते. टंकलेखन वाचते ते दुय्यम, या पद्धतीचे खरे मोल सामायिकपणात आहे.

विध्वंसक कमांडला मात्र आखूड नाव देऊ नये. ‘कमाल रिमूव्ह’ सर्व्हरवरून ॲप काढते, सोबत चालवलेला डेटाबेस त्यातल्या माहितीसकट पुसते. त्याआधी ती खात्री करून घेते. ‘-वाय’ जोडले तर विचारत नाही. अशी कमांड ‘-वाय’सकट दोन अक्षरांत बांधणे ही घोडचूक होय. संघात नवा माणूस आला, की त्याला मूळ कमांड आधी शिकवाव्यात, उर्फ नंतर.