न झालेली लढत : फेडोर, यूएफसी आणि करारांचे कुंपण

१/
२००७ ते २०११ या काळात मिश्र मार्शल आर्ट्सच्या चाहत्यांना एकच प्रश्न सतावत होता : रशियाचा फेडोर एमेलियानेन्को अमेरिकेतील यूएफसीच्या अष्टकोनी पिंजऱ्यात कधी उतरणार? तो कधीच उतरला नाही. दुखापत वा भीती आड आली नव्हती. आड आली ती करारातील कलमे. त्या न झालेल्या लढतीचा हा इतिहास. (थ्रेड)

२/
यूएफसीची पहिली स्पर्धा १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हर येथे झाली. पुढे राजकीय विरोधामुळे कंपनी डबघाईला आली. जानेवारी २००१ मध्ये लास व्हेगासच्या फर्टिटा बंधूंनी आपल्या झुफा या कंपनीमार्फत ती अवघ्या २० लाख डॉलरना विकत घेतली आणि कारभार डेना व्हाइट याच्या हाती सोपवला.

३/
त्या वेळी या खेळाचे खरे वैभव जपानमध्ये होते. ११ ऑक्टोबर १९९७ रोजी टोकियो डोममध्ये 'प्राइड'चा आरंभ झाला. तेथे पिंजऱ्याऐवजी दोरांची रिंग असे आणि पहिली फेरी १० मिनिटांची असे. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर लाथ मारण्यास मुभा होती, मात्र डोक्यावर कोपराचा प्रहार वर्ज्य होता. यूएफसीत बरोबर याउलट. खेळ एक, पण नियम दोन, मालक दोन आणि जगज्जेतेही दोन!

४/
प्राइडचा सम्राट होता फेडोर. स्तारी ओस्कोल या रशियन शहरात वाढलेला, सांबो आणि ज्युदोत घडलेला, चेहऱ्यावर कसलाही भाव नसलेला मल्ल. १६ मार्च २००३ रोजी त्याने ब्राझीलच्या अँटोनियो रॉड्रिगो नोगेराला नमवून हेवीवेट किताब मिळवला. २००५ मध्ये मिर्को क्रो कॉपसारखा भयंकर लाथांचा योद्धाही त्याच्यापुढे टिकला नाही.

५/
दोन्ही दरबारांत सुरुवातीला देवाणघेवाण होती. २००३ मध्ये यूएफसीने आपला चक लिडेल प्राइडच्या स्पर्धेत पाठवला. प्राइडच्या वांडरलेई सिल्वाशी त्याची गाठ पडावी, ही चाहत्यांची इच्छा. लिडेलने अ‍ॅलिस्टर ओव्हरीमला हरवले. पण ९ नोव्हेंबर रोजी उपांत्य लढतीत क्विंटन जॅक्सनने त्यालाच थोपवले. त्याच रात्री सिल्वाने जॅक्सनला हरवून स्पर्धा जिंकली. एका विजयाच्या अंतरावरून ती लढत हुकली.

६/
जुलै २००६ मध्ये व्हाइटने सिल्वाला थेट पिंजऱ्यात बोलावून लिडेलशी लढतीची घोषणा केली. तीही हवेत विरली. अखेर २९ डिसेंबर २००७ रोजी दोघे समोरासमोर आले, तेव्हा दोघेही लागोपाठ दोन लढती हरलेले होते. लिडेलने गुणांवर विजय मिळवला. लढत रंगली खरी, पण जगातला श्रेष्ठ कोण, हा मूळ प्रश्न तोवर शिळा झाला होता.

७/
दरम्यान प्राइडच कोसळले. संघटित गुन्हेगारीशी संबंध असल्याच्या आरोपांनंतर जून २००६ मध्ये फुजी टीव्हीने करार मोडला आणि कंपनीचा मुख्य आर्थिक आधार गेला. मार्च २००७ मध्ये फर्टिटा बंधूंनी प्राइड विकत घेतल्याची घोषणा केली. दोन संस्थांच्या जगज्जेत्यांत आता लढती होतील, अशी आशा त्या घोषणेने पल्लवित झाली. ऑक्टोबरपर्यंत प्राइडचे जपानमधील कार्यालयही बंद झाले.

८/
परंतु कंपनी विकत घेता येते, मल्ल नव्हे. फेडोर या व्यवहारातून यूएफसीच्या हाती आला नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये त्याने एम-१ ग्लोबलशी हातमिळवणी केली. पुढील सारा संघर्ष समजून घेण्यासाठी एक बाब ध्यानात ठेवावी : एम-१ ही त्याची केवळ प्रतिनिधी नव्हती, ती स्वतःच स्पर्धा भरवणारी कंपनी होती.

९/
त्याच महिन्यात एक अघटित घडले. यूएफसीचा विद्यमान हेवीवेट विजेता रँडी कुटूर याने ४४व्या वर्षी राजीनामा दिला. मानधनाविषयीची नाराजी होतीच. पण फेडोरशी लढण्याची इच्छा आणि फेडोर यूएफसीत येणार नसल्याची खात्री, हेही त्याने कारण म्हणून सांगितले.

१०/
यूएफसीचे उत्तर सरळ होते : करारातील लढती अजून शिल्लक आहेत. वाद नेवाडा आणि टेक्सासच्या न्यायालयांत गेला. नोकरी सोडता येते, पण करार सोडून दुसऱ्याच्या रिंगणात उतरता येते का, हा कळीचा मुद्दा होता. उत्तर मिळेपर्यंत थांबणे तरुणाला परवडते. पंचेचाळिशीतल्या मल्लाला नाही. सप्टेंबर २००८ मध्ये कुटूर परतला आणि १५ नोव्हेंबर रोजी ब्रॉक लेस्नरकडून किताब गमावून बसला.

११/
फेडोर तोवर अफ्लिक्शन या कपड्यांच्या कंपनीने भरवलेल्या स्पर्धेत उतरला होता. १९ जुलै २००८ रोजी त्याने यूएफसीचा माजी विजेता टिम सिल्विया याला ३६ सेकंदांत शरण आणले. जानेवारी २००९ मध्ये दुसरा माजी विजेता आंद्रे आर्लोव्स्की एकाच ठोशात बेशुद्ध पडला. ज्या यूएफसीचे दार त्याच्यासाठी बंद होते, तिचे माजी विजेते तो बाहेर राहून हरवत होता.

१२/
१ ऑगस्ट २००९ रोजी त्याची जॉश बार्नेटशी लढत ठरली होती. जुलैमध्ये बार्नेट उत्तेजक चाचणीत दोषी आढळला, स्पर्धा रद्द झाली आणि अफ्लिक्शनने हा व्यवसायच गुंडाळला. फेडोर मोकळा झाला. इकडे यूएफसीत लेस्नरने ११ जुलै रोजी फ्रँक मिरला चिरडून आपले सिंहासन पक्के केले होते. फेडोर विरुद्ध लेस्नर! इतका जुळून आलेला योग पुन्हा येणार नव्हता.

१३/
वाटाघाटी झाल्या आणि एका शब्दावर फिसकटल्या : संयुक्त आयोजन. एम-१ला केवळ मानधन नको होते. यूएफसीसोबत सहआयोजक म्हणून नाव आणि नफ्यात वाटा हवा होता. व्हाइटने साफ नकार दिला.

१४/
दोन्ही बाजूंचा हिशेब आपापल्या जागी चोख होता. प्रतिस्पर्ध्याचे नाव आपल्या फलकावर लावणे म्हणजे स्वखर्चाने त्याला मोठे करणे, ही यूएफसीची धारणा. तर फेडोर हे एम-१चे एकमेव मोठे भांडवल. तो निव्वळ मल्ल म्हणून दिला, तर कंपनीपाशी उरणार काय? व्यापारी दृष्टीने दोघेही शहाणे ठरले. तोटा झाला तो खेळाचा.

१५/
फेडोर स्ट्राइकफोर्समध्ये गेला. २६ जून २०१० रोजी सॅन होजे येथे फाब्रिसिओ वेर्दुमने त्याची मान आणि हात पायांच्या त्रिकोणी पकडीत अडकवून ६९ सेकंदांत त्याला शरण आणले. डिसेंबर २०००मध्ये जखमेमुळे थांबवलेल्या लढतीनंतर, सुमारे साडेनऊ वर्षांनी आलेला हा पराभव! वेर्दुम दोनच वर्षांपूर्वी यूएफसीतून बाहेर पडलेला मल्ल होता. त्याच ऑक्टोबरमध्ये लेस्नरनेही केन व्हेलास्केझकडून किताब गमावला.

१६/
मार्च २०११ मध्ये झुफाने स्ट्राइकफोर्सही विकत घेतली. ज्याला आणण्यासाठी वर्षानुवर्षे खटाटोप झाला, तो फेडोर अखेर त्याच मालकांच्या छत्राखाली आला. पण त्या वर्षी तो आणखी दोनदा हरला आणि स्ट्राइकफोर्सशी त्याचा संबंध संपला. ४ फेब्रुवारी २०२३ रोजी बेलाटरमध्ये त्याने अखेरची लढत दिली. यूएफसीचा पिंजरा त्याच्याविनाच राहिला.

१७/
बॉक्सिंगमध्येही अशी अडवणूक होते. मेवेदर आणि पॅकियाओ यांची लढत अनेक वर्षे रखडली. पण २ मे २०१५ रोजी झाली, आणि एचबीओ व शोटाइम या प्रतिस्पर्धी वाहिन्यांनी ती मिळून दाखवली. याचे मूळ रचनेत आहे. बॉक्सिंगमध्ये किताब देणाऱ्या संस्था वेगळ्या आणि आयोजक वेगळे. यूएफसीत स्पर्धा, मल्लाचा करार आणि किताबाचा पट्टा, तिन्ही एकाच मालकाचे. विजेता बाहेर पडला, तरी पट्टा घरातच राहतो.

१८/
हीच कथा पुढेही घडली. जानेवारी २०२३ मध्ये हेवीवेट विजेता फ्रान्सिस एनगानू यूएफसीतून बाहेर पडला. जॉन जोन्सने मार्चमध्ये रिकामे पद जिंकले, पण सिरिल गानला हरवून. मल्लांनी २०१४ मध्ये यूएफसीवर मक्तेदारीचा खटला भरला होता, तो ३७.५ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्या तडजोडीला अंतिम मंजुरी दिली.

१९/
इतिहास सहसा घडलेल्या गोष्टींचा लिहिला जातो. येथे मात्र न घडलेली गोष्टच अधिक बोलते. करार नव्याने लिहिता येतो, कंपनी विकत घेता येते, खटल्याची भरपाईही देता येते. मल्लाच्या ऐन उमेदीची चार-पाच वर्षे मात्र कोणत्याही व्यवहारात परत मिळत नाहीत. २००९ मध्ये फेडोर आणि लेस्नर समोरासमोर आले असते, तर कोण जिंकले असते? दोघांच्याही चाहत्यांपाशी उत्तर तयार आहे. पुरावा कोणापाशीच नाही. (समाप्त)