वळिवडे छावणीतील पोलिश कुटुंबांचा वंशेतिहास : चार राजवटींच्या कागदपत्रांतून एक मागोवा

प्रस्तावना

स्थलांतरित कुटुंबाचा इतिहास शोधताना संशोधकाच्या हाती साधारणतः दोन टोके असतात. कुटुंब ज्या गावातून निघाले तेथील जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदी हे पहिले टोक आणि ज्या देशात ते स्थिरावले तेथील आगमनाच्या नोंदी हे दुसरे. एकोणिसाव्या शतकात बोहेमियातून अमेरिकेत गेलेल्या शेतकरी कुटुंबांचा मागोवा याच रीतीने घेतला जातो. जहाजांच्या प्रवासीयाद्या व नागरिकत्वाचे कागद मूळ गावापर्यंत नेतात आणि गावच्या चर्चमधील वह्या तेथून आणखी कित्येक पिढ्या मागे नेतात. हा मार्ग लांब असला तरी सरळ आहे.

कोल्हापूरनजीक वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात राहिलेल्या पोलिश निर्वासित कुटुंबांच्या बाबतीत हा मार्ग सरळ राहत नाही. ही कुटुंबे स्वेच्छेने निघालेली नव्हती, त्यांचे गाव पुढे त्यांच्या देशात राहिले नाही आणि वळिवडे हा त्यांच्या प्रवासाचा शेवटही नव्हता. शिरोली औद्योगिक वसाहतीच्या दक्षिणेस, पंचगंगेपलीकडे, कोल्हापूर-मिरज लोहमार्गालगत सुमारे पाच हजार पोलिश माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले, पाच वर्षे राहत होती. त्यांच्या नातवंडांना आज आपल्या घराण्याची वंशावळ मांडावयाची असेल तर कोणती साधने उपलब्ध आहेत, त्यांच्या मर्यादा कोणत्या आणि या साखळीत कोल्हापूरचे स्थान काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

वंशावळीची दोन परंपरा

वंशावळ ही कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. कोल्हापूर, सांगली व बेळगाव या पट्ट्यात हेळवी समाजातील मंडळी गावोगाव फिरून घराण्याच्या पिढ्या सांगतात व त्याबद्दल धान्य किंवा बिदागी घेतात. नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या नावांसह त्यांच्या कुळाची माहिती उतरलेली असते. वतनाच्या व इनामाच्या तंट्यांमुळे मोडी कागदपत्रांत वंशावळी विपुल सापडतात. या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. कुटुंब कोठेही गेले तरी नोंद करणारी संस्था आपल्या जागी टिकून राहते, त्यामुळे दोनशे वर्षांनीही वंशजाला तिच्याकडे परत जाता येते.

युरोपात हे कार्य प्रामुख्याने चर्चने केले. सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ मध्ये काढलेल्या आज्ञेने हाब्सबुर्ग साम्राज्यात जन्म, विवाह व मृत्यू यांच्या वह्या निरनिराळ्या ठेवणे व त्या ठराविक रकान्यांत भरणे बंधनकारक झाले. बोहेमिया आणि दक्षिण पोलंडमधील गालिसिया हे दोन्ही प्रांत तेव्हा त्याच साम्राज्यात असल्याने दोहोंकडील नोंदींचे स्वरूप सारखे दिसते. घराचा क्रमांकही त्यांत असतो आणि वंशेतिहासकाराला तो अतिशय उपयुक्त ठरतो. पोलंडचा जो भाग रशियाच्या ताब्यात होता तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वह्या रशियन भाषेत लिहिल्या जात. म्हणजे एकाच घराण्यातील आजोबांची नोंद लॅटिनमध्ये, आजीची रशियनमध्ये आणि वडिलांची पोलिशमध्ये असणे अशक्य नाही.

वळिवड्यापर्यंतचा प्रवास

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने आणि १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत रशियाने पोलंडवर आक्रमण केले. रशियाने व्यापलेल्या पूर्व पोलंडमधून फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात चार मोठ्या लाटांत नागरिकांना सायबेरिया, कझाकस्तान व उत्तर रशियात हद्दपार करण्यात आले. सोव्हिएत कागदपत्रांवरून या चार लाटांतील लोकांची संख्या सुमारे ३ लाख २० हजार भरते. पूर्वीचे अंदाज याहून बरेच मोठे होते.

कोणते कुटुंब कोणत्या लाटेत गेले, हे कळले की त्याच्या पूर्वेतिहासावर प्रकाश पडतो. १० फेब्रुवारी १९४० च्या लाटेत मुख्यतः लष्करी वसाहतदार व वनरक्षक यांची कुटुंबे होती. एप्रिल १९४० मध्ये अटक झालेले लष्करी अधिकारी, पोलीस व सरकारी नोकर यांच्या बायकामुलांना नेण्यात आले. जूनच्या लाटेत जर्मन आक्रमणामुळे पश्चिमेकडून पळून आलेल्यांचा भरणा होता. म्हणून नुसती हद्दपारीची तारीखही घरातील कर्त्या पुरुषाच्या व्यवसायाकडे निर्देश करते. लष्करी वसाहतदारांना १९२० च्या कायद्यानंतर पूर्व सीमेवर जमिनी मिळाल्या होत्या. असे कुटुंब व्होलिनिया प्रांतातून हद्दपार झाले असले तरी त्याच्या आधीच्या पिढ्यांच्या नोंदी तेथे मिळण्याचा संभव कमी असतो. त्या शेकडो मैल पश्चिमेस, दुसऱ्याच एखाद्या गावात शोधाव्या लागतात.

जर्मनीने रशियावर चाल केल्यानंतर ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार व सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला. हद्दपार पोलिश नागरिकांची सुटका होऊन जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली सैन्य उभे राहू लागले. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये व ऑगस्टमध्ये कॅस्पियन समुद्रमार्गे सुमारे १ लाख १५ हजार सैनिक व नागरिक इराणच्या पहलवी बंदरात उतरले. त्यांपैकी काही नागरिक कराचीमार्गे हिंदुस्थानात आले. जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांच्या आश्रयाखाली मुलांची छावणी १९४२ मध्ये सुरू झाली होती. कुटुंबांसाठीची मोठी छावणी १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे उभारण्यात आली.

चार राजवटी, चार दप्तरे

या प्रवासाकडे कागदपत्रांच्या दृष्टीने पाहिले असता एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. वळिवड्यातील कुटुंबाची नोंद चार राजवटींनी निरनिराळ्या हेतूंनी केली.

पहिली नोंद सोव्हिएत सत्तेची. ती शिक्षेसाठी होती आणि तिचा एकक कुटुंब हा होता. कुटुंबप्रमुख, पत्नी, मुले, जन्मवर्षे व रवानगीचे ठिकाण अशी माहिती तीत येते. ज्या राज्यसत्तेने ही कुटुंबे उद्ध्वस्त केली तिच्याच दप्तरात ती एकत्र नोंदलेली सापडावीत, हा इतिहासाचा क्रूर विनोद म्हटला पाहिजे. या नोंदींच्या आधारे नामसूची करण्याचे काम वॉर्सॉ येथील कार्ता केंद्राने व मॉस्को येथील मेमोरियल संस्थेने हाती घेतले होते. मेमोरियल ही संस्था रशियन सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२१ मधील आदेशाने बंद करण्यात आली.

दुसरी नोंद निर्वासित पोलिश सरकारची. ती साहाय्य, शिक्षण व सैन्यभरती यांसाठी होती. इराणमध्ये पोहोचलेल्या हजारो लोकांकडून, त्यांत शाळकरी मुलेही आली, हद्दपारीच्या हकिकती लिहवून घेण्यात आल्या. त्यांचा मोठा संग्रह अमेरिकेत हूवर संस्थेत आहे. लंडन येथील पोलिश इन्स्टिट्यूट व सिकोर्स्की संग्रहालय हे या सरकारच्या कागदपत्रांचे दुसरे महत्त्वाचे केंद्र होय.

तिसरी नोंद ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची. परकीय नागरिकांची संख्या, खर्चाची विभागणी व पुढील पाठवणी हे तिचे विषय होते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील कागद धोरण सांगतात, व्यक्ती क्वचितच सांगतात.

चौथी राजवट कोल्हापूर संस्थानची. १९४० मध्ये राजाराम महाराजांचे निधन झाल्यानंतर संस्थानात रीजन्सीचा कारभार होता. छावणीची भूमी, पाणी, बाजार व बंदोबस्त या गोष्टी संस्थानाच्या कक्षेत येत असल्याने छावणीचा शोध घेताना संस्थानी दप्तराला वगळता येत नाही.

या चारही राजवटी आज अस्तित्वात नाहीत. ब्रिटिश सत्ता १९४७ मध्ये गेली. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. निर्वासित पोलिश सरकारची मान्यता ब्रिटनने ५ जुलै १९४५ रोजी काढून घेतली आणि १९९० मध्ये त्याचे कार्य संपले. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला. हेळव्याकडे किंवा तीर्थोपाध्यायाकडे परत जावे तसे या वंशजांना परत जाण्यासाठी एकही नोंदकर्ता आपल्या जागी उरलेला नाही.

नावे आणि तारखा

पोलिश आडनाव लिंगानुसार बदलते. पित्याचे आडनाव 'स्की'ने संपत असेल तर कन्येचे 'स्का'ने संपते. जुन्या प्रघातानुसार काही आडनावांना विवाहितेसाठी 'ओव्हा' व अविवाहित कन्येसाठी 'उव्हना' असे प्रत्यय लागत. हा संकेत ठाऊक नसलेला शोधक आई व मुलगी यांना दोन कुटुंबांतील समजण्याचा धोका असतो. पोलिश, रशियन व इंग्रजी अशा तीन भाषांत, दोन लिप्यांत हेच नाव उतरताना त्याचे रूप आणखी पालटते. सोव्हिएत कागदांचा मात्र येथे एक लाभ होतो. रशियन पद्धतीनुसार त्यांत व्यक्तीच्या नावापुढे पित्याचे नाव असते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम अंगवळणी पडलेल्या मराठी वाचकास त्याचे मोल वेगळे सांगावयास नको. एका नोंदीतून दोन पिढ्या मिळतात.

तारखांचेही तसेच. रशियन अमलाखालील प्रदेशात जुनी ज्युलियन कालगणना चालू होती. ती एकोणिसाव्या शतकात बारा दिवसांनी व विसाव्या शतकात तेरा दिवसांनी मागे होती. त्यामुळे एकाच व्यक्तीच्या दोन जन्मतारखा आढळल्या व त्यांत नेमके एवढेच अंतर असले, तर ती विसंगती न मानता व्यक्ती एकच असल्याचा पुरावा मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

वळिवडे : साखळीतील दुवा

वळिवडे येथे चर्च, शाळा, रुग्णालय व बालवीर पथके होती. हद्दपारीत मोडलेला कुटुंबाचा नेहमीचा क्रम येथे पुन्हा सुरू झाला. मुले जन्मली, विवाह झाले, काहींना मृत्यू आला. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तेथील मुलेही येथे आली. म्हणजे काही घराण्यांच्या वंशवृक्षात एखाद्या व्यक्तीच्या जन्माचे वा मृत्यूचे स्थळ म्हणून कोल्हापूर हेच नाव कायमचे लागले आहे. त्या व्यक्तीपुरते कोल्हापूर हे वाटेवरचे ठिकाण राहत नाही.

युद्ध संपले तेव्हा या कुटुंबांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली होती. काही जण नव्या पोलंडमध्ये परतले. ज्यांचे आप्त अँडर्स यांच्या सैन्यात होते अशा अनेकांना १९४७ च्या पोलिश पुनर्वसन कायद्याने ब्रिटनचा मार्ग खुला झाला. इतर ऑस्ट्रेलिया व अन्य देशांत गेले. काही पोलिश युवतींनी भारतीयांशी विवाह केले. सोव्हिएत हद्दीत गेलेल्या गावांतील ज्या चर्चवह्या पोलंडमध्ये आणता आल्या, त्या आज वॉर्सॉतील अभिलेखागार व नागरी नोंदणी कार्यालय यांत विभागलेल्या आहेत. जन्माची वही १०० वर्षांनी, तर विवाह व मृत्यूची ८० वर्षांनी अभिलेखागाराकडे जाते. हद्दपार मातांपैकी अनेकींच्या जन्मनोंदी यामुळे अलीकडेच खुल्या होऊ लागल्या आहेत. शोधाला आज जी गती आली आहे तिचे हे एक कारण होय.

छावणी रिकामी झाल्यावर फाळणीमुळे विस्थापित झालेली सिंधी कुटुंबे त्याच बराकींत आली आणि गांधीनगर वसले. एका विस्थापित समाजाच्या जागी दुसरा विस्थापित समाज येण्याचा हा प्रसंग इतिहासाच्या अभ्यासकास पुष्कळ काही शिकविणारा आहे. नव्या रहिवाशांनी छावणीचे बाजारपेठेत रूपांतर केले. जुन्या रहिवाशांच्या खुणा मात्र स्वाभाविकपणे पुसट होत गेल्या.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वळिवड्यातील कुटुंबाची वंशावळ कोणत्याही एका दप्तरातून सिद्ध होत नाही. हद्दपारीची नोंद, इराणमधील हकिकत, छावणीतील नोंद व मूळ गावची वही या चारही एकमेकींशी पडताळल्या तरच ती उभी राहते. दुसरी, परस्परविरोधी दिसणाऱ्या नावांचा व तारखांचा उलगडा भाषा व कालगणना यांच्या ज्ञानाने बहुतांशी होऊ शकतो. तिसरी गोष्ट कोल्हापूर परिसरातील अभ्यासकांना विशेष महत्त्वाची आहे. या साखळीतील जो दुवा आपल्या भूमीत आहे तो जतन करण्याचे कार्य अन्य कोणी करू शकणार नाही.

महावीर उद्यानात १९९८ मध्ये पोलिश स्मारक उभे राहिले आणि २०१९ मध्ये वळिवडे येथेही स्मृतिस्तंभ झाला. स्मारके समूहाची आठवण ठेवतात, वंशावळीला व्यक्ती हवी असते. कोल्हापुरातील ख्रिस्ती दफनभूमीतील पोलिश थडग्यांवरील प्रत्येक अक्षराची मूळ वर्णांसह नक्कल करणे, छावणी पाहिलेल्या वळिवडे, उचगाव व शिरोली परिसरातील वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे आणि कोल्हापूर पुरालेखागारातील १९४३ ते १९४९ या काळातील संस्थानी कागद या दृष्टीने चाळणे, ही तीन कामे महाविद्यालयीन विद्यार्थी मार्गदर्शकासह करू शकतात. त्यांपैकी दुसऱ्या कामाला विलंब परवडणारा नाही. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. कागद आणखी काही वर्षे थांबू शकेल, त्या माणसाजवळ मात्र तेवढा अवधी नाही.